वॉरंटी संपल्यानंतर उघड झालेला उत्पादन-दोष कंपनीकडून दुरुस्त करून घेता येतो का?

तळेगावकर

नमस्कार. आमच्याकडे ड्युअल क्लच प्रकारच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची एक गाडी आहे. तिला सहावे वर्ष सुरू आहे, ती ६० हजार किलोमीटरपेक्षा कमी चालली आहे आणि पहिल्या दिवसापासून तिची सर्व देखभाल अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच झाली आहे. मध्यंतरी घाटातल्या रहदारीत गाडी अचानक गिअर घेईनाशी झाली आणि ती टो करून न्यावी लागली. तपासणीनंतर गिअरबॉक्सचे मेकॅट्रॉनिक युनिट पूर्ण बदलावे लागेल असे सांगून सर्व्हिस सेंटरने २ लाख २५ हजार रुपयांचे एस्टिमेट हातात दिले. मूळ वॉरंटी आणि पैसे भरून वाढवलेली वॉरंटी, दोन्ही काही महिन्यांपूर्वीच संपल्या आहेत.

मला खटकते ते पुढेच. तिथल्या सल्लागाराने सहज बोलताना सांगितले की या मॉडेलमध्ये हा बिघाड नेहमीचाच आहे आणि अशा गाड्या त्यांच्याकडे सतत येत असतात. हे कंपनीला ठाऊक असेल, तर हा दोष माझ्या वापरातून निर्माण झालेला नाही. मी गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीच तो तिच्यात होता, दिसला मात्र उशिरा. मग त्याचा खर्च मी का करावा? अशा प्रसंगी कोणी कंपनीकडून दुरुस्ती करून घेतली आहे का? पत्र कोणाला लिहावे, कायद्याचा आधार कोणता घ्यावा, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

रोखठोक

तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण मत वेगळे आहे. वॉरंटी हा करार असतो आणि त्याची मुदत गाडी घेताना दोन्ही बाजूंना माहीत असते. उद्या प्रत्येक ग्राहक सहाव्या-सातव्या वर्षी बिघडलेला भाग घेऊन ‘हा मुळातच सदोष होता’ असे म्हणू लागला, तर त्या मुदतीला काही अर्थच उरणार नाही. शिवाय सल्लागार तोंडी जे बोलला, ते तो लेखी देणार नाही आणि तोंडी वाक्याच्या बळावर कोणतीही कंपनी दोन लाख रुपये सोडणार नाही.

यंत्रमग्न

रोखठोक यांच्या म्हणण्यात झीज आणि दोष यांची गल्लत होते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पारेषण यंत्रणांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम गिअर आणि मागे जाण्याचा गिअर. ‘ड्राय’ प्रकारात हे क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे गर्दीत पुन्हा पुन्हा थांबून पुढे सरकताना निर्माण होणारी उष्णता बाहेर पडायला कमी वाव मिळतो. क्लचच्या तबकड्या झिजतात आणि ती झीज वापरावर अवलंबून असते, हे मान्य. मेकॅट्रॉनिक युनिटची गोष्ट वेगळी आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, हायड्रॉलिक झडपा, पंप आणि दाब साठवणारा भाग एकत्र असतात. त्याच्या धातूच्या आवरणाला तडा गेला किंवा वीजपुरवठ्याच्या भागात बिघाड झाला, तर तो चालकाच्या पायामुळे झाला असे म्हणता येत नाही.

सार्वजनिक नोंदीतले एक उदाहरण देतो. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सबद्दल चीनमध्ये इतक्या तक्रारी झाल्या की २०१२ मध्ये कंपनीने तिथे त्याची वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली आणि मार्च २०१३ मध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधले सिंथेटिक गिअर तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम तिने जाहीर केली. उष्ण, दमट हवेत आणि सतत थांबत चालणाऱ्या रहदारीत त्या सिंथेटिक तेलामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, हे कारण कंपनीने स्वतःच दिले होते. आपल्या शहरांतली हवा आणि रहदारी नेमकी तशीच आहे. अर्थात तुमची गाडी कोणत्या कंपनीची आहे ते तुम्ही लिहिलेले नाही आणि मला ते विचारायचेही नाही. माझा मुद्दा इतकाच की तोच भाग एका देशात दहा वर्षे टिकला पाहिजे असे कंपनीला मान्य असेल, तर दुसऱ्या देशात तो सहाव्या वर्षी ‘झिजला’ हे उत्तर मला पटत नाही. तपासणीत कोणता फॉल्ट कोड आला, ते मात्र अवश्य कळवा.

मीनल२१

यंत्रमग्न यांच्याशी सहमत. आमच्या गाडीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा बिघाड वॉरंटी संपल्यानंतरच झाला होता आणि पाठपुरावा केल्यावर कंपनीने तो भाग विनामूल्य दिला. मजुरी आम्ही भरली. त्यामुळे आशा सोडू नका.

सेवाकक्ष

मी पूर्वी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये व्यवस्थापक होतो, म्हणून आतली पद्धत सांगतो. वॉरंटी संपल्यानंतर कंपनी जी दुरुस्ती पूर्ण किंवा अंशतः स्वतःच्या खर्चाने करून देते, तिला आम्ही ‘गुडविल’ म्हणतो. तो निर्णय डीलरचा नसतो. डीलर विनंती पुढे पाठवतो आणि कंपनीच्या विभागीय कार्यालयातील सेवा अधिकारी ती मंजूर करतात. वॉरंटी संपून किती काळ लोटला, गाडी किती चालली, सर्व सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी झाले का आणि हा भाग इतर गाड्यांतही निकामी होतो आहे का, हे ते पाहतात. तुमच्या बाजूने यातल्या बऱ्याच गोष्टी आहेत.

अडचण अशी की डीलर स्वतःहून विनंती पाठवायला फारसा उत्सुक नसतो, कारण ग्राहकाकडून मिळणारी मजुरी ही कंपनीकडून वॉरंटीच्या कामासाठी मिळणाऱ्या मजुरीपेक्षा बहुधा जास्त असते. म्हणून डीलरला ईमेल करून ‘माझी गुडविल विनंती कंपनीकडे कोणत्या तारखेला पाठवली आणि तिचा क्रमांक काय’ एवढेच विचारा. त्याच ईमेलची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवा.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. उत्तर येईपर्यंत दुरुस्तीला संमती देऊ नका. एकदा तुम्ही पैसे भरून गाडी नेली की तुमची मागणी दुरुस्तीची न राहता परताव्याची होते आणि परतावा मिळवणे कितीतरी कठीण असते. गाडीवाचून चालणारच नसेल आणि पैसे भरावेच लागले, तर ‘हक्क राखून, निषेधासह भरले’ असे बिलावर आणि ईमेलमध्ये लिहा आणि काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. जुना भाग गेला की पुरावा गेला.

जॉबकार्डही नीट वाचा. ‘गिअर शिफ्टिंग चेक करणे’ असे मोघम लिहिले असेल, तर ते बदलून तुमच्या शब्दांत लिहून घ्या: चालू रस्त्यावर गाडीची ओढ गेली, अमुक इशारा दिसला, गाडी टो करून आणली. निदान अहवालाची छापील प्रत मागा.

विधिज्ञा

मी ग्राहक आयोगासमोर काम करते, म्हणून कायद्याची बाजू मांडते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘दोष’ या संज्ञेची व्याख्या, म्हणजे कलम २(१०), वॉरंटीच्या मुदतीशी बांधलेली नाही. वस्तूची गुणवत्ता, क्षमता किंवा दर्जा यांत जी उणीव असते, ती दोष ठरते. त्यामुळे ‘वॉरंटी संपली’ एवढ्याच कारणाने तक्रार आपोआप बाद होत नाही. मात्र दोष मुळातला होता हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर येतो आणि गाडी जितकी जुनी, तितका तो भार जड होतो.

नव्या कायद्यातील ‘उत्पादन दायित्व’ हे सहावे प्रकरण यासाठी वापरावे, असे अनेक जण सुचवतात. त्यात एक खाच आहे. त्या प्रकरणासाठी ‘हानी’ या शब्दाची जी व्याख्या कलम २(२२) मध्ये दिली आहे, तिच्यातून खुद्द त्या उत्पादनाला झालेली हानी वगळलेली आहे. गिअरबॉक्स निकामी झाल्याने अपघात होऊन कोणी जखमी झाले, तर ते प्रकरण लागू होईल; केवळ गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या खर्चासाठी नाही. तुम्हाला दोषाच्या व्याख्येवर आणि कलम २(११) मधील सेवेच्या त्रुटीवर उभे राहावे लागेल. ग्राहकाला द्यायला हवी ती माहिती हेतुपुरस्सर दडवणे, हे त्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट आहे. म्हणून तळेगावकर यांच्या प्रश्नात ‘दोष’ या शब्दाइतकेच ‘कंपनीला ठाऊक असेल’ या शब्दांना वजन आहे. कंपनीला दोषाची कल्पना होती आणि वाढीव वॉरंटी विकताना किंवा नियमित सर्व्हिसिंग करताना तिने ती सांगितली नाही, हे कागदावर दाखवता आले तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते.

व्यवहारातली माहिती अशी. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची, तीही तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात. किंमत १० ते २० लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क ४०० रुपये आहे. कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे, असे कलम ६९ सांगते. दोष उघड झाला त्या दिवसापासून मुदत मोजावी, असे आपण म्हणतो, तर विरुद्ध बाजू खरेदीच्या दिवसापासून मोजा असे म्हणते. त्यामुळे वेळ दवडू नका. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत वाढत नाही.

रोखठोक

विधिज्ञा ताईंनी चांगले समजावून सांगितले. तरीही एक शंका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात कंपनीचे उत्तरदायित्व वॉरंटीच्या अटींपुरते मर्यादित आहे असे म्हटले होते ना? मग अटींबाहेर जाऊन मागणी कशी करता येईल?

विधिज्ञा

तुमची शंका रास्त आहे. त्या प्रकरणात प्रश्न असा होता की सदोष भाग बदलून देण्याची अट असताना संपूर्ण गाडी बदलून द्यायचा आदेश देता येईल का; आणि न्यायालयाने तो आदेश टिकवला नाही. म्हणूनच तळेगावकरांनी नवी गाडी किंवा पूर्ण किंमत मागू नये. मागणी त्या एका भागाची आणि त्याच्या मजुरीची ठेवावी. मागणी जेवढी नेमकी, तेवढी ती मान्य होण्याची शक्यता अधिक. फियाट इंडियाविरुद्धच्या सी. एन. अनंतराम प्रकरणात तर न्यायालयाने किंमत परत करण्याचा प्रश्न स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाच्या मतावर सोपवला होता. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ‘उत्पादन-दोष’ हा शब्द आयोगासमोर टिकत नाही. कलम ३८ अन्वये आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो, पण त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते, याची तयारी ठेवा.

पणजीकर

आमच्या गोव्यातले एक प्रकरण इथे उपयोगी पडेल. टाटा मोटर्स विरुद्ध आंतोनियो पावलो वाझ या खटल्यात ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरले होते आणि त्याला २००९ ची गाडी मिळाली होती. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर कंपनीलाही जबाबदार धरले गेले, पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मुक्त केले, कारण डीलर आणि कंपनी यांचे नाते मालक आणि एजंट असे नव्हते आणि डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाले नव्हते. यावरून मी असा बोध घेतो की केवळ डीलरकडे केलेली तक्रार पुरेशी नाही. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्वतंत्र पत्र गेले पाहिजे आणि तक्रारीत दोघांनाही पक्षकार केले पाहिजे.

घाटमाथा

वॉरंटी संपल्यावर मी सर्व्हिसिंग ओळखीच्या गॅरेजमध्ये करून घेतो, कारण तिथले काम मला अधिक चांगले वाटते. अशा गाडीला गुडविल मिळतच नाही का?

सेवाकक्ष

मिळण्याची शक्यता कमी होते, पण अगदीच नाहीशी होत नाही. तेलाची प्रत, बदललेले भाग आणि किलोमीटर यांची तारखेसह बिले असतील तर ती जोडा. बिघडलेल्या भागाला त्या गॅरेजने हात लावलेला नाही, हे दाखवता आले पाहिजे.

मेलबर्नवासी

इथल्या एका प्रकरणाचा उल्लेख करतो. फोर्डच्या फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट गाड्यांतील पॉवरशिफ्ट ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारी ज्या प्रकारे हाताळल्या गेल्या, त्याबद्दल इथल्या संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. गाडी थरथरते ती तुमच्या चालवण्याच्या सवयीमुळे, असे काही ग्राहकांना सांगण्यात आले होते आणि त्या गिअरबॉक्सच्या अडचणी कंपनीला तेव्हा माहीत होत्या. दोष गाडीत असणे एक वेळ समजू शकते. परंतु तो ठाऊक असताना चालवणाऱ्यालाच दोषी ठरवणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. तुम्हालाही ‘तुम्ही गर्दीत गाडी चुकीची चालवता’ असे कोणी म्हणाले, तर ते लेखी मागा.

उत्तरायण

अमेरिकेतून लिहिते आहे. इथे कंपन्या डीलरांना जी तांत्रिक परिपत्रके पाठवतात, ती त्यांना रस्ते सुरक्षा प्रशासनाकडेही द्यावी लागतात आणि ती त्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. भारतातल्या गाडीचे इंजिन किंवा गिअरबॉक्स इथल्या गाडीतही वापरलेले असेल, तर त्याचे परिपत्रक शोधून पत्राला जोडता येईल. परिपत्रक म्हणजे दोषाची कबुली नव्हे आणि रिकॉलही नव्हे. पण अमुक तारखेला कंपनीला या लक्षणांची माहिती होती, एवढे त्यातून नक्की दिसते. शोधताना मॉडेलच्या नावापेक्षा गिअरबॉक्सचा सांकेतिक क्रमांक वापरा, कारण मॉडेलची नावे देशागणिक बदलतात.

यंत्रमग्न

उत्तरायण यांची सूचना फार मोलाची आहे. त्याच्या जोडीला आणखी एक खूण पाहा. नवा भाग जो बसवणार आहेत, त्याचा पार्ट क्रमांक आणि जुन्या भागाचा क्रमांक ताडून बघा. शेवटचे अक्षर बदललेले असेल तर त्या भागात मध्यंतरी काही सुधारणा झाली आहे. सुधारणा का केली, हा प्रश्न मग पत्रात विचारता येतो.

गोदाकाठ

एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. एखाद्या मॉडेलबद्दल वाहनमालकांच्या तक्रारी ठरलेल्या प्रमाणापलीकडे गेल्या, तर सरकार चौकशी करून गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. मात्र गाडी सात वर्षांपेक्षा कमी वयाची असावी लागते आणि दोष सुरक्षेशी किंवा पर्यावरणाशी संबंधित असावा लागतो. तळेगावकरांची गाडी सहाव्या वर्षात आहे, म्हणजे अजून वेळ आहे. घाटात मागून ट्रक येत असताना गाडीची ओढ जाणे, हा माझ्या मते सुरक्षेचाच प्रश्न आहे. परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. त्याने तुमचे एस्टिमेट उद्या कमी होणार नाही, पण प्रत्येकाने आपली नोंद केली नाही तर ते प्रमाण कधीच भरणार नाही.

वाटसरू

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही तक्रार नोंदवा. अनेक मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारींना उत्तर देतात. मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्तेही तक्रारीचा मसुदा करायला मार्गदर्शन करतात. शिवाय समाजमाध्यमांवर कंपनीला जाहीरपणे लिहा.

विधिज्ञा

जाहीर लिहायला हरकत नाही, पण जॉबकार्डावर आहे तेवढेच लिहा. ‘फसवणूक’, ‘लूट’ असे शब्द टाळा. त्या सल्लागाराचे नावही लिहू नका. त्याने खरे सांगितले म्हणून त्याची नोकरी जाऊ नये.

तळेगावकर

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात घडले ते सांगतो. फॉल्ट कोड हायड्रॉलिक दाब कमी पडल्याचा होता. नव्या भागाच्या क्रमांकातले शेवटचे अक्षर खरोखरच वेगळे निघाले. सर्व सर्व्हिसिंगची बिले, निदान अहवाल आणि परदेशातील त्याच गिअरबॉक्सचे परिपत्रक जोडून मी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पत्र लिहिले, १९१५ वर तक्रार केली आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही नोंद केली. वॉरंटी संपल्यामुळे काही करता येणार नाही, असे एका ओळीचे उत्तर आधी आले. त्यावर मी ‘हा दोष आपणास केव्हा ज्ञात झाला आणि पार्टच्या क्रमांकात बदल का झाला’ हे दोनच प्रश्न विचारले. त्यानंतर विभागीय कार्यालयातून दूरध्वनी आला. भागाच्या किमतीचे ७० टक्के कंपनी देईल. उरलेली रक्कम आणि मजुरी मी भरायची. मात्र ‘ही मदत सद्भावनेने केली असून कोणताही दोष मान्य केलेला नाही आणि यापुढे या गाडीबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही’ अशा पत्रावर सही मागत आहेत. स्वीकारावे का?

रोखठोक

माझे मत आधी कठोर होते. पार्ट क्रमांकाचा मुद्दा वाचल्यावर ते थोडे बदलले आहे. तरी सहा वर्षे गाडी वापरल्यानंतर ७० टक्के हा मला न्याय्य वाटा वाटतो. आयोगापुढे काही वर्षे घालवण्यापेक्षा स्वीकारा.

मीनल२१

मला मात्र मजुरीही त्यांनी द्यावी असे वाटते. एकदा विचारून पाहा.

विधिज्ञा

रक्कम स्वीकारायची की नाही, हा तुमचा निर्णय आहे. पत्रातला मजकूर मात्र आहे तसा स्वीकारू नका. दोष मान्य नाही, हे त्यांनी लिहिले तरी चालेल. ते तसे लिहिणारच. ‘या गाडीबाबत यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ हे वाक्य मात्र फार व्यापक आहे. त्याऐवजी ‘या जॉबकार्डात नोंदवलेल्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या दुरुस्ती खर्चापुरती ही तडजोड अंतिम आहे’ असे लिहून मागा. नवा भाग पुन्हा निकामी झाला किंवा भविष्यात रिकॉल जाहीर झाला, तर त्याचे लाभ अबाधित राहतील, असेही एक वाक्य घाला.

सेवाकक्ष

आणि नव्या भागाची वॉरंटी किती, ती भागापुरती आहे की मजुरीसह, हे बिलावर छापून घ्या. गुडविलखाली बसवलेल्या भागाला वॉरंटी नसते, असे कोणी काउंटरवर म्हणाले तर तिथे थांबू नका. विभागीय कार्यालयाकडूनच लेखी उत्तर मागा.

तळेगावकर

दोन्ही बदल सुचवून मसुदा परत पाठवला आहे. मजुरीचेही विचारले आहे. नव्या भागाच्या वॉरंटीला ईमेलवर होकार आला आहे, मजुरीबद्दल आणि तडजोडीच्या वाक्याबद्दल उत्तर यायचे आहे. ते येईपर्यंत मी सही केलेली नाही आणि गाडी सर्व्हिस सेंटरमध्येच आहे. जुना भाग मला हवा आहे, हे जॉबकार्डावर लिहून घेतले आहे.

घाटमाथा

मसुद्याची अंतिम भाषा ठरली की गाडीचा आणि कंपनीचा तपशील वगळून इथे जरूर टाका. माझ्याही गाडीत गेल्या आठवड्यापासून दुसऱ्या गिअरवर थरथर जाणवते आहे आणि तिची वॉरंटी संपायला अजून थोडे दिवस आहेत.

सेवाकक्ष

घाटमाथा, मग उद्याच गाडी नेऊन ती थरथर जॉबकार्डावर नोंदवून घ्या. ‘चालवताना जाणवले नाही’ असे लिहून गाडी परत दिली, तरी वॉरंटीच्या मुदतीत तक्रार केल्याची तारीख त्या कागदावर राहील. पुढे हाच भाग गेला, तर ती तारीख तुमच्या फार कामी येईल.